आधी लॅनच्या वायरी उपटल्या, मग मशीनला हात लावला! ४ स्टार

आमचं डीटीपीचं दुकान आहे, लग्नपत्रिका बिलबुकं वगैरे, ४ मशीन विंडोज ७ वर आणि एक अजून एक्सपीवर कारण जुना कटर दुसऱ्या कशावर चालतच नाही. लग्नसराईत एक्सपीवाला दर पंधरा मिनिटांनी निळा स्क्रीन टाकून बंद पडायला लागला आणि बाकीचे नुसते गोगलगाय. आमच्या नेहमीच्या माणसाने तीन दिवस एकेक मशीन फॉरमॅट मारलं, त्याच जुन्या सीडीवरून, झालं की लगेच नेटवर्कच्या स्विचला जोडायचं आणि पुढच्याला हात घालायचा, चौथं होईपर्यंत पहिलं परत आजारी. पैसे घेतले ते वेगळेच.

मग मेहुण्याने या कॉम्प्युटर रिपेअरवाल्या दादांचा नंबर दिला. आल्या आल्या दादांनी स्विचच्या पाचही वायरी काढल्या, मग विंडोजच्या सर्व्हिसेसची (मागे आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामची) यादी उघडून दाखवली, त्यात ‘मायक्रोसॉफ्ट सिक्युरिटी सेंटर (२.०) सर्व्हिस’, नाव बघून मी तर हात जोडले असते हो! पण त्या नावाआड लपलेला तोच वॉनाक्राय, फाइली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस, मे २०१७ मध्ये १५० देशांत धुमाकूळ घातलेला. ह्याला कुणी काही क्लिक करावं लागत नाही, तो स्वतःच ४४५ नंबरचं पोर्ट (नेटवर्कचं दार) कुणाचं उघडं आहे ते शोधत फिरतो, फाइल शेअरिंगच्या जुन्या भोकातून आत शिरतो आणि तिथून पुढच्या मशीनवर. विंडोज ७ ला आरामात लागतो, एक्सपी मात्र बहुतेक वेळा त्याच्या धक्क्यानेच कोसळतो, म्हणून तो निळा स्क्रीन. ते भोक बुजवणारा मायक्रोसॉफ्टचा पॅच मार्च २०१७ चा, आमची सीडी त्याच्या कितीतरी आधीची, म्हणजे फॉरमॅट मारून आम्ही त्याला ताजं घरच बांधून देत होतो. नशीब एवढंच की आमच्याकडे आलेल्या कॉपीत फाइली लॉक करणारा भाग बिघडलेला होता, नाहीतर अख्खी पत्रिकांची डिझाइनं गेली असती. आला कुठून तर आमच्या डिझायनरच्या लॅपटॉपमधून, तो अजून नाही म्हणतो.

एकही मशीन न जोडता पाचही साफ केली, पेनड्राइव्हवरून पॅच टाकले (एक्सपीचाही निघाला होता, मला माहीतच नव्हतं), एसएमबी-१ (तीच जुनी फाइल शेअरिंगची पद्धत) बंद केलं आणि मगच वायरी लावल्या. मशीनमागे ४०० घेतले, पावतीसकट.

एक स्टार कापला कारण ११ ची वेळ देऊन ४ ला आले, आणि त्या दिवशीच्या ३०० पत्रिका आम्हाला शेजारच्या दुकानातून छापून घ्याव्या लागल्या.