गॅलरीतला गहू: लोकवन लावू की हिवाळी?

गणपती उठले की सोसायटीतल्या बारावीच्या एखाद्या पोराचा प्रश्न ठरलेला: “काका, प्रोजेक्टला गहू कुठला लावू?” नौपाड्यातल्या आमच्या पूर्वेच्या गॅलरीत दोन्ही लावून झालेत, म्हणून सांगतो.

नुसती ओंबी बघायची असेल तर लोकवन. (गुजरातेतल्या सणोसऱ्याच्या लोकभारतीचा ‘लोक-१’ आपल्या तोंडी लोकवन झाला. वाण्याच्या पोत्यात त्या नावाखाली काय काय येतं, ते सोडा.) नोव्हेंबरच्या मध्याला पेरला की साधारण दोन महिन्यांत ओंब्या. पस्तिसाव्या दिवशी मी एक ताट ब्लेडने उभं चिरलं, तर मातीला लागूनच, भिंगाखाली, तांदळाच्या कणीएवढी पांढरी ओंबी. बाहेरून तेव्हा नुसतं गवत दिसत होतं.

हिवाळी गहू हट्टी. शून्य ते दहा अंशांत, शक्यतो चारच्या आसपास, सहा-आठ आठवडे काढल्याशिवाय तो फुलोऱ्याचं नाव काढत नाही. ठाण्यात जानेवारीच्या पहाटेही एवढा गारठा टिकत नाही. मग तो फुटवे काढत बसतो, कांडी धरतच नाही आणि एप्रिलच्या उन्हात तसाच वाळतो.

अडवतं कोण? व्हीआरएन-२ नावाचं जनुक. पानातून फुलोऱ्याचा निरोप धाडणाऱ्या व्हीआरएन-३ ला ते दाबून ठेवतं. थंडी साचत गेली की व्हीआरएन-१ हळूहळू जागं होतं, व्हीआरएन-२ गप्प होतं आणि निरोप सुटतो. २००३ ते २००६ या काळात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या होर्हे दुब्कोव्स्की यांच्या गटाने ही जनुकं एकेक करून शोधून काढली. गंमत अशी की लोकवनसारख्या वसंती, म्हणजे थंडीवाचून फुलणाऱ्या, गव्हाला काही जादा मिळालेलं नाही. त्याच्या व्हीआरएन-१ च्या नियंत्रक भागात किंवा पहिल्या इन्ट्रॉनमध्ये (जनुकातल्या, प्रथिनाचा संकेत नसलेल्या तुकड्यात) मोडतोड झालेली असते, म्हणून ते थंडीची वाट न बघताच चालू होतं. गव्हाच्या तीन जनुकसंचांपैकी एकात असा बिघाड सहसा पुरतो. आपली रोजची पोळी या बिघाडावर चालते.

म्हणूनच प्रोजेक्टला माझं मत हिवाळीला. लोकवन फ्रिजमध्ये ठेवा नाहीतर बाहेर, फुलोऱ्यात फारसा फरक नाही, मग परीक्षकांना दाखवणार काय? हिवाळीचं अर्धं बी फ्रिजमध्ये, अर्धं तसंच पेरायचं, शेजारी ताडून बघायला लोकवनची एक कुंडी.

अडचण बियाण्याची. परदेशातल्या मावशीला बॅगेत टाकून आण म्हणू नका, बियाणं आयात करायला क्वारंटाइनचा परवाना लागतो. हिमालयाकडच्या कृषी विद्यापीठात सरांच्या ओळखीने विचारा आणि वाण हिवाळीच आहे ना, याची खात्री करा. पहाडातला प्रत्येक गहू हिवाळी नसतो.

बी भिजवून ओल्या कापसावर, डब्याला भोकं पाडून, सप्टेंबरच्या शेवटी फ्रिजमध्ये. मी पहिल्या वर्षी डबा भाजीच्या कप्प्यात ठेवला. तिसऱ्या आठवड्यात बुरशी आली आणि आईने मोड नासले म्हणून टाकून दिले. दुसऱ्या वर्षी डबा वरच्या कप्प्यात, चिठ्ठी चिकटवून. तेव्हाची चूक वेगळी: थंडी पुरी न होताच ट्रे भर उन्हात काढला. अर्धवट थंडीवर लगेच तीसच्या वर ऊन लागलं की केलेलं पुसलं जाऊ शकतं. आठवडे पुरे भरू द्या आणि मग चार दिवस सावलीत ठेवा.

थंडी भागली तरी एक पेच उरतो. थंड देशांतल्या बऱ्याच हिवाळी वाणांना दिवसही मोठा लागतो आणि डिसेंबरात आपला दिवस जेमतेम अकरा तासांचा. लोकवनला ही अडचण नाही. हरितक्रांतीचे गहू-संशोधक नॉर्मन बोरलॉग यांनी मेक्सिकोत वर्षातून दोन पिढ्या घेतल्या, एक सोनोरात, एक तोलुकाजवळच्या डोंगरात. त्यात दिवसाच्या लांबीला न जुमानणारी, म्हणजे दिवसाची लांबी जोखणारं पीपीडी-१ हे जनुक बदललेली रोपं आपोआप निवडली गेली आणि तो वारसा साठच्या दशकात आपल्याकडे आला. हिवाळीला मात्र संध्याकाळी एलईडी लावून सोळा तासांचा दिवस करून द्यावा लागतो. आमच्या समोरच्या काकूंनी त्यापायी जाडा पडदा शिवून घेतला.