दरवर्षीची 'लायसन्स फी'

आमचं बेळगावात, शहापूरला साड्यांचं दुकान. गिऱ्हाईक अर्धं चंदगड-गडहिंग्लजचं, अर्धं बैलहोंगल-गोकाकचं. म्हणून वेबसाइट करायची ठरली तेव्हा आमची अट एकच होती: मराठी आणि कन्नड, दोन्ही पाहिजे. फसलो ते ह्याच अटीवर.

ओळखीतनं एक पोरगा आला. म्हणाला, "दादा, वर्डप्रेसवर कन्नड-मराठी एकत्र चालत नाही. आणि फुकटच्या मालाला सिक्युरिटी कुठली? आमचा स्वतःचा सीएमएस आहे." वर्डप्रेस म्हणजे साइट बनवायचं-चालवायचं तयार सॉफ्टवेअर, आणि असल्या सॉफ्टवेअरलाच सीएमएस म्हणतात. साइटचे ४५ हजार, शिवाय दरवर्षी १२ हजार लायसन्स फी. आप्पांनी वर अर्धा किलो कुंदा बांधून दिला. उभा जन्म बिलं फाडण्यात गेला आमचा, पण त्याच्याकडं बिल मागायचं कुणाला सुचलं नाही.

वर्षभर बरं चाललं. मग एका गिऱ्हाइकाचा फोन आला, गुगलवर तुमच्या दुकानाच्या नावाखाली जपानी अक्षरं दिसतात म्हणून. पोराला विचारलं, तर 'सर्व्हर अपग्रेड'चे आणखी १८ हजार.

दिवाळीला भाची आली, बीसीए करते. साइट उघडून, पानामागचा कोड बघायला तिनं कंट्रोल आणि यू दाबलं. पडदाभर मुंग्यांच्या रांगा लागल्यासारखी इंग्रजी अक्षरं. एका ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "मामा, डब्ल्यूपी-कंटेंट लिहिलंय बघा. हे वर्डप्रेसच की!" लॉगिनच्या पानावर नुसता लोगो बदललेला.

वर्डप्रेस २००३ पासून फुकट आहे. तसलेच दुसरे सीएमएस, जूमला आणि ड्रुपल, पण फुकटच. त्यांना लायसन्स फी नसतेच. होस्टिंगचे (साइट ठेवायच्या जागेचे), डोमेनचे (साइटच्या पत्त्याचे) आणि करणाऱ्याच्या मजुरीचे पैसे लागतात. ते द्यायला आमची कधी ना नव्हती. आणि कन्नड-मराठीचं म्हणाल, तर वर्डप्रेसचा डॅशबोर्डसुद्धा दोन्ही भाषांत होतो, एकच साइट दोन भाषांत चालवायला प्लगइन, म्हणजे वरनं जोडायचे छोटे प्रोग्रॅम, मिळतात.

जपानी अक्षरांचं कोडंही भाचीनंच सोडवलं. पठ्ठ्यानं विकतच्या प्लगइनची चोरटी प्रत, ज्याला 'नल्ड' म्हणतात, ती बसवली होती. असल्या प्रतीत बऱ्याचदा चोरदरवाजा ठेवलेला असतो, त्यातनं कुणीतरी घुसून हजारो खोटी पानं आमच्या साइटवर टाकली होती. आम्हाला ते दिसणार कुठनं? आम्हाला दिलेलं लॉगिन 'एडिटर'चं. प्लगइनची यादी फक्त 'अॅडमिनिस्ट्रेटर'ला दिसते, आणि ते लॉगिन त्या पोरानं स्वतःकडंच ठेवलेलं.

खरा घाव पुढंच होता. साइट दुसरीकडं हलवायची म्हटलं तर डोमेन त्याच्याच नावावर नोंदवलेलं. डोमेन हलवायला लागणारा गुप्त कोड, म्हणजे ऑथ कोड, पाहिजे तर ३० हजार ठेवा म्हणाला. म्हणून सांगतो, आगाऊ रक्कम देण्याआधी डोमेन स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या नावावर घ्या आणि अॅडमिनचं लॉगिन मागा. कुणी खरोखर स्वतःचा सीएमएस देत असेल तर देऊ दे, पण उद्या सोडायचं झालं तर आमचा माल, फोटो, ऑर्डरी कशा बाहेर निघतील ते आधी करून दाखवायला लावा.

आम्ही ३० हजार दिले नाहीत. नवीन डोमेन घेतलं, भाचीनं दोन रात्रीत साधी साइट उभी केली. जुना पत्ता छापलेल्या दोन हजार पिशव्या मात्र शिल्लक आहेत. आप्पा गल्ल्यावर बसून एकेकीवर स्टिकर चिकटवतात आणि प्रत्येक स्टिकरला त्या कुंद्याची आठवण काढतात.