मुंबईची भुयारी मेट्रो ३ : गाडीला चांगले गुण, कारशेडच्या निर्णयाला नाहीत

आरे ते कफ परेड हा ३३.५ किलोमीटरचा मार्ग ऑक्टोबर २०२५मध्ये पूर्ण सुरू झाला आणि सीप्झ उद्योगक्षेत्र, मरोळ, दोन्ही विमानतळ टर्मिनल, वांद्रे-कुर्ला संकुल (बीकेसी), वरळी, काळबादेवी अशी, लोकलने थेट गाठता न येणारी ठिकाणे एका दोरीत ओवली गेली. सेवा म्हणून पाहिले तर ती उत्तम आहे. फलाटाच्या कडेला पूर्ण उंचीची काचेची दारे आहेत, गाडी थांबल्यावरच ती उघडतात, आणि दादरच्या पुलावर घामाघूम होऊन पोहोचण्याची सवय असलेल्या माणसाला आठ डब्यांच्या वातानुकूलित गाडीत उभे राहणेही सुखाचे वाटते. भाडे दहा रुपयांपासून सत्तर रुपयांपर्यंत आहे. लोकलच्या पासाशी तुलना केली तर महाग, रिक्षा-टॅक्सीशी केली तर स्वस्त.

या मार्गावरील सत्तावीस स्थानकांपैकी एकच जमिनीवर आहे, ते म्हणजे आरे, आणि सेवेचे कौतुक करताना ज्या निर्णयाकडे डोळेझाक करता येत नाही तो याच झाडीच्या परिसरातल्या कारशेडचा, म्हणजे गाड्या उभ्या करण्याच्या आणि दुरुस्तीच्या आगाराचा, आहे. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने या कारशेडसाठीच्या वृक्षतोडीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि याचिकाकर्त्यांना वरच्या न्यायालयात जायला सवड मिळण्याआधी, त्याच रात्री, विजेच्या करवती सुरू झाल्या. जमावबंदी लागली, २९ आंदोलकांना अटक झाली. सोमवारी, ७ तारखेला, सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली तेव्हा २,१४१ झाडे आडवी झालेली होती, म्हणजे स्थगितीला अर्थ उरावा एवढे फारसे काही शिल्लक नव्हते. कायद्याच्या चौकटीत हे बसते असे मेट्रो महामंडळाचे म्हणणे होते. बसत असेलही; पण ज्या कामाचे समर्थन दिवसाउजेडी करता येते ते रातोरात उरकण्याची घाई का, या प्रश्नानेच लोक रस्त्यावर आले.

आता गाडी धावू लागल्यावर ‘तेव्हा विरोध करणारेच आज त्यातून फिरतात’ असा टोमणा सर्रास मारला जातो. तो अन्यायकारक आहे. बहुतेक आंदोलकांचा विरोध मेट्रोला नव्हता, कारशेडच्या जागेला होता. खर्च २३,१३६ कोटींवरून ३७ हजार कोटींच्या पुढे गेला, त्याचे सारे खापर आंदोलनावर फोडणेही पटत नाही, कारण कारशेडचा वाद बाजूला ठेवला तरी बोगद्याचे शेवटचे खोदकामच नोव्हेंबर २०२२च्या अखेरीस संपले. वेळ वाया गेला तो सरकारांच्या कुरघोडीतही : एकाने कारशेड कांजूरमार्गला नेले, त्या जमिनीवर केंद्राने हक्क सांगितला, उच्च न्यायालयाने काम थांबवले आणि २०२२मध्ये आलेल्या सरकारने ते पुन्हा आरेत आणले. या ये-जा करण्याचा जाब कोणालाच द्यावा लागलेला नाही.

महामंडळ यातून काही शिकले का? नोव्हेंबर २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८४ झाडांपुरता अर्ज करण्याची मुभा दिली असताना परवानगी १७७ झाडांची घेतली गेली. एप्रिल २०२३मध्ये न्यायालयाने काम अडू नये म्हणून ती तोड मान्य केली, मात्र दहा लाखांचा दंडही ठोठावला. प्रकल्पाच्या खर्चापुढे ही रक्कम चिल्लर आहे, ताशेरा मात्र चिल्लर नाही.

घाईची हीच खोड सेवेतही एकदा दिसली. आचार्य अत्रे चौक स्थानक मे २०२५मध्ये सुरू झाले आणि महिना भरायच्या आत, २६ मेच्या पावसात, बांधकाम चालू असलेल्या प्रवेशद्वाराकडून गढूळ पाणी थेट आत शिरले. स्थानक बंद ठेवावे लागले. पुढे पूर्ण मार्ग सुरू झाला तेव्हा भुयारात मोबाइलला रेंज नसल्याची ओरड झाली, कारण दूरसंचार कंपन्या आणि महामंडळ यांचे बिनसले होते. सत्तर रुपये मोजणाऱ्या प्रवाशाला या भांडणाशी काय देणेघेणे?

सीप्झ, बीकेसी किंवा फोर्टात रोज कामाला जाणाऱ्यांनी ही मेट्रो बेलाशक वापरावी. पाचपैकी चार तारे देतो, आणि ते गाडी, स्थानके व तिथल्या कर्मचाऱ्यांचे आहेत. आरेचा निर्णय ज्यांनी घेतला त्यांनी ते आपल्या खात्यात जमा करू नयेत.