जवसाच्या नावाखाली मशीनचं तेल : माझे 5,850 रुपये गेले

सोलापुरात कसला आलाय ओलावा, म्हणून हसणार असाल तर आधी हसून घ्या. 2024 च्या विधानसभा निवडणुकीला पोलीस ठाण्यात जमा केलेली वडिलांची 315 बोर रायफल (परवाना आता माझ्या नावावर, रीतसर) परत आली तेव्हा तिच्या लाकडी दस्त्यावर पांढरे डाग होते. लाकूड फुगून नळीला टेकलं होतं, म्हणजे नेमही गेला. आपल्याकडं उन्हाळ्यात लाकूड आकसतं, पावसात फुगतं. बारमाही दमट गावापेक्षा ही ओढाताणच वाईट.

दस्त्याला लावायचं तेल शोधताना फेसबुकवर एक ‘निवृत्त लष्करी आर्मोरर’ (हत्यारं दुरुस्त करणारा) भेटला. ‘उकळलेलं जवसाचं तेल, मिलिटरी फॉर्म्युला, एका हातात वॉटरप्रूफ.’ दोन बाटल्या 3,500, कुरिअर 150. मी चादरीच्या कारखान्यात 26 वर्षं हिशेब लिहिले, अडाणी नाही. पण माणूस ‘जय हिंद सर’ म्हणून बोलायला लागला की पावती मागायची लाज वाटते.

बाटली उघडली आणि वास आला रॉकेलचा. इथंच थांबायला हवं होतं! ज्या घरात आठवड्याला जवसाची चटणी कुटली जाते, त्या घरातल्या माणसाला जवसाचा वास कळू नये? कळला होता. पण ‘मिलिटरीचं असेल’ अशी मीच माझी समजूत घातली. आठ दिवस झाले तरी दस्ता चिकटच. फोन केला तर म्हणतो, ‘सर, मुरतंय.’ लोणचं आहे का ते? तरी ‘हार्डनर’चे 2,200 मी पाठवले. पहिले पैसे त्याने लुबाडले, हे दुसरे मी आपण होऊन दिले. त्यानंतर नंबर बंद.

नुसता दस्ता घेऊन एका जुन्या सुताराकडं गेलो. त्यानं बोट लावलं, हुंगलं. ‘शिलाई मशीनचं तेल हाय, मालक. हे जन्मात वाळत नाही, उलट लाकूड मऊ करतं.’ जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं, म्हणूनच ते चालतं. काचेवर एक थेंब पसरून चार-सहा दिवस ठेवला असता तर फुकटात कळलं असतं.

आणि ठाणं! तक्रार ऐकायच्या आधी ‘रायफल कुठंय, परवाना दाखवा.’ मी फिर्यादी की आरोपी? तासभर नूतनीकरणाच्या तारखा तपासल्या. मग जमादार म्हणाले, ‘तेल मिळालं ना तुम्हाला? मग फसवणूक कसली?’ तिथून सायबरला पाठवलं, सायबरनं ‘रक्कम किरकोळ, तुमच्या ठाण्यातच द्या’ म्हणून परत पाठवलं. चार खेपा, रिक्षाचे 480. दस्ता भिजला तोही ह्यांच्याच मालखान्यात, ते कुणी कागदावर घेईना. अर्जाची पोच मागितली तर साहेब बंदोबस्ताला!

‘एका हातात वॉटरप्रूफ’ म्हणणारा खोटाच. खरं तेलसुद्धा ओलावा अडवत नाही, फक्त उशीर लावतं. पातळ हात, मधे वाळवण, असं पाच-सहा वेळा. बटप्लेट (दस्त्याच्या मागच्या टोकावरची पट्टी) काढून आतलं कापलेलं टोक आधी तेलानं भरा, पाणी तिथूनच शिरतं. तेलाच्या चिंध्या बोळा करून टाकू नका, आपोआप पेटतात. पैसे गेले की लगेच 1930 (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) लावा, मी अकरा दिवस लाजेत घालवले. आणि कुणी ‘अख्खी रायफल पाठवा, करून देतो’ म्हणाला तर फोन ठेवा. विनापरवाना माणसाच्या हाती हत्यार दिलं की आत तुम्ही जाल.

सध्या दस्त्याला खडूची पूड लावून रोज दुपारी गच्चीवर उन्हात धरून बसतो. तेल वर येतं, पूड पिवळी होते, झटकतो, पुन्हा लावतो. आज सतरावा दिवस. बायको विचारते, ‘मुरलं का?’