गूल्डचे हमिंगबर्ड, आठ महिन्यांनंतर : सगळं आहे, गळ्यातलं सोनं नाही

परवा फ्रेमवाल्याकडे पाचवी फेरी झाली, म्हणून आता सविस्तर लिहितेय. एकोणिसाव्या शतकातला इंग्रज पक्षीतज्ज्ञ जॉन गूल्ड याच्या हमिंगबर्ड चित्रांचा सहा प्रिंटचा संच नोव्हेंबरात ऑनलाइन मागवला होता. ए-3 आकार, जाड मॅट कागद, 3,600 रुपये. फ्रेमिंगचे 5,400 वेगळे गेले. घेणाऱ्यांनी हा आकडा आधीच हिशेबात धरावा, मला तो दुकानात उभी असताना कळला.

रेषांबद्दल तक्रार नाही. शिळाप्रेसच्या दगडावर तेलकट खडूने ओढलेल्या रेषेचा रवाळपणा प्रिंटमध्ये पुरेपूर उतरलाय. पानांच्या शिरा, पंखांच्या पिसांची कड, चिमुकली नखं, सगळं जागेवर. रिश्टर या चित्रकाराचा हात काय होता ते इथे दिसतं.

माझं भांडण गळ्याशी आहे. संचातला टोपाझ नावाचा हमिंगबर्ड घ्या. अंग किरमिजी, शेपटीतली दोन लांब पिसं एकमेकांवरून गेलेली, आणि गळ्यावर जिथे झळाळी हवी तिथे हळदीचा जुना डाग पडल्यासारखा शेवाळी-पिवळा ठिपका. पहिल्या दिवसापासून नजर तिथेच अडकते. गूल्डने 1849 ते 1861 अशी बारा वर्षं हमिंगबर्डवरच्या आपल्या ग्रंथाला दिली, 360 चित्रं काढून घेतली आणि प्रत्येक प्रतीतलं प्रत्येक चित्र हाताने रंगवून घेतलं. जिथे पक्षी चमकतो तिथे आधी सोन्याचा वर्ख लावून त्यावर पारदर्शक रंगाचा हात दिला जाई. पान कलतं केलं की गळा पेटायचा. स्कॅनर तो वर्ख एकाच कोनातून टिपतो, आणि छपाईत तो मळकट पिवळा होतो.

विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, ‘मूळ चित्राचा रंग असाच आहे.’ तीन आठवडे मेलामेली झाली. शेवटी बदली प्रिंट आला तो सोनेरी फॉइल मारलेला. गळ्यावर फॉइल, फुलांच्या कडांवर फॉइल, फांदीवरसुद्धा! वर रंगाचा थरच नाही, त्यामुळे हिरवी झाक गेली आणि लग्नपत्रिकेचा कागद तेवढा उरला. तो परत पाठवायचे 180 रुपयेही माझ्याच खिशातून गेले. या वागणुकीचा राग अजून गेलेला नाही.

मार्चमध्ये मात्र मत थोडं बदललं. बाल्कनीतल्या जास्वंदीवर शिंजिराचा नर रोज यायचा. शेजारच्या काकू त्याला हमिंगबर्डच म्हणतात, पण हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत, आपल्याकडे रानात एकही नाही. सावलीत हा शिंजीर कोळशासारखा काळा दिसे. मान वळवली की निळा, आणखी वळवली की जांभळा. दोघांच्याही पिसांतली ही चमक रंगद्रव्याची नसते, पिसांतल्या अतिसूक्ष्म थरांवर उजेड पडून ती उमटते. तेव्हा पटलं की एका जागी थांबलेल्या चित्रात हा गळा मावणंच कठीण. गूल्डने ही चित्रं वाळवलेल्या कातड्यांवरून केली, जिवंत हमिंगबर्ड त्याला 1857 मध्ये अमेरिकेत गेल्यावर पहिल्यांदा दिसला. म्हणजे हातातलं कातडं उजेडात फिरवून फिरवून त्याने ती चमक ओळखली असणार. हे डोक्यात आल्यावर त्या वर्खाचं मोल मला खरं कळलं. प्रिंटला मी एका ताऱ्यावरून तीनवर आणलं.

लॉडिगेसिया मात्र पाचापैकी पाच. पेरूमधला हा पक्षी, शेपटीला जेमतेम चार पिसं, त्यातल्या दोन लांबलचक काड्यांच्या टोकाला पळीसारख्या जांभळ्या चकत्या. गळा त्याचाही चमकता, पण नजर चकत्यांवरून हलत नाही. पाहुणे सगळे त्याच्यासमोरच थांबतात.

जूनमध्ये नवं दुखणं. पावसाळी हवेने चार प्रिंट लाटा येऊन काचेला चिकटले. फ्रेमवाल्याने मधे माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट, न घालता कागद थेट काचेला टेकवला होता. माउंटचा आग्रह धरा, काच आणि कागदात हवा राहिली पाहिजे. आणि एक, बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी या ऑनलाइन ग्रंथालयात ही पानं चांगल्या रेझोल्यूशनमध्ये फुकट आहेत. ओळखीच्या प्रेसमध्ये मी एक प्रिंट काढून पाहिला, 220 रुपये पडले, उतरला तितकाच चांगला. संच घेण्याआधी हे कळलं असतं तर मी तो घेतलाच नसता.

टोपाझ फ्रेममधून निघालाच होता, म्हणून त्याच्यावर हात चालवला. सोन्याच्या वर्खाची छोटी वही आणली. गळ्यावर डिंकाचं पातळ पाणी लावलं, पंखा बंद केला, श्वास धरून वर्ख ठेवला आणि कापसाने दाबला. सुकल्यावर वरून हिरव्या ग्लास पेंटचा एकच पातळ हात. पहिल्यांदा चोचीखाली जरा ओघळ आला, तो टाचणीने खरवडला. संध्याकाळी ट्यूब लावली. दारातून गळा काळपट दिसतो, दोन पावलं आत आलं की हिरवा होतो, आणि अगदी समोर उभं राहिलं की सोनं.

आणखी तिघांचे गळे पाऊस संपला की करणार आहे. लॉडिगेसियाला हात लावणार नाही.