कीबोर्ड घ्यायला गेलो आणि ड्युटीचं गणित कळलं

भाचीला कीबोर्ड घ्यायचा होता म्हणून पुण्यात अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका वाद्यांच्या दुकानात गेलो, आधी दुसरीकडे विचारलं होतं तर तिथे "इम्पोर्टेड आहे, महागच असणार" एवढंच तोडून सांगितलं, पण इथल्या काकांनी चक्क कागद पेन घेऊन बसवून समजावलं. बाहेरून १०० रुपयांची वस्तू आली (जहाजाचं भाडं, विमा धरून) की १० टक्के कस्टम ड्युटी, त्या ड्युटीवर अजून १० टक्के सरचार्ज, झाले १११, आणि १८ टक्के आयजीएसटी (आयातीवर लागणारा जीएसटी) या १११ वर लागतो, १०० वर नाही! म्हणजे साधारण १३१, आणि यात डीलरचं मार्जिन अजून धरलंच नाहीये. त्यात रुपया घसरला की मूळ १०० च वाढतात.

मग त्यांनीच यामाहाचा चेन्नईत बनलेला कीबोर्ड दाखवला, तो कारखाना २०१९ पासून सुरू आहे, त्यावर ही आयात ड्युटी नाही. शिकणाऱ्या मुलीला तो अगदी पुरेसा आहे, कीज छान आहेत, आवाज मोकळा. महागडा गळ्यात मारता आला असता त्यांना, मारला नाही, हे मला फार आवडलं.

स्टँड मात्र जरा हलका वाटला, डुगडुगतो. आणि पार्किंग अजिबात नाही, पीएमपीच्या बसनेच जा. पक्कं बिल मिळालं, घरी येऊन जोडून देणारा मुलगाही वेळेवर आला.

आता बाबांचा तानपुरा जवारीला (तारांखालची घोडी घासून आवाज खुलवायला) द्यायचाय, तोही इथेच देणार.