रास आणि आरबी: पेशीची बेल, पेशीचे चौकीदार

धरमपेठेतल्या आमच्या बिल्डिंगला एक बेल अन् दोन चौकीदार आहेत. पेशीतही थोडंफार तसंच. रास हे जनुक म्हणजे बेल. बाहेरून वाढीचा निरोप आला की वाजायचं, मग लगेच गप्प व्हायचं. बटण अडकलं की बेल वाजतच राहते, पेशी वाढतच जाते. या जनुकाच्या दोनपैकी एकच प्रत बिघडली तरी पेशी कर्करोगाकडे वळायला पुरे.

आरबी हे दुसरं जनुक म्हणजे चौकीदार. डीएनएची नक्कल सुरू करून देणाऱ्या ई२एफ प्रथिनाला तो धरून ठेवतो, योग्य निरोप आल्यावरच सोडतो. इथे मात्र आईकडची आणि वडिलांकडची अशा दोन्ही प्रती निकामी व्हाव्या लागतात. अमेरिकन जनुकशास्त्रज्ञ नडसन यांनी १९७१ साली हे दोन धक्क्यांचं गणित लहान मुलांच्या डोळ्यातल्या कर्करोगावरून मांडलं. मला आरबीच जास्त भावतो. आमचे दोन्ही चौकीदार मे महिन्यात कूलरसमोर एकदमच झोपतात, ते सोडा.